मॅथजॅक्सच्या सेटिंग्ज पुन्हा पुन्हा निकामी होतात तेव्हा: कारण कसे शोधावे आणि कायमचा उपाय काय

वेबपानावर गणिताची सूत्रे दाखवण्यासाठी मॅथजॅक्स ही जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोडचा संच) वापरणाऱ्या शिक्षकांची, विद्यार्थ्यांची आणि संकेतस्थळे सांभाळणाऱ्यांची एक तक्रार वर्षानुवर्षे तशीच चालत आली आहे. डॉलरच्या चिन्हांत लिहिलेले $3^2 + 4^2 = 5^2$ हे सूत्र पानावर सूत्र म्हणून न उमटता जसेच्या तसे, चिन्हांसकट दिसते. सेटिंग उघडून पाहिली तर ती बरोबर असते. मग कोणीतरी स्क्रिप्ट वरखाली हलवते, पान नीट दिसू लागते आणि विषय मिटला असे वाटते. पण थीम अद्ययावत झाली, दुसऱ्या ब्राउझरमध्ये पान उघडले किंवा तेच पान नुसते दुसऱ्यांदा उघडले, की सूत्र पुन्हा डॉलरसकट समोर येते.

या अडचणीत बहुतेक वेळा सेटिंगचा मजकूर चुकलेला नसतो. मॅथजॅक्स आपल्या सेटिंग्ज सुरू होताना एकदाच वाचते, आणि नेमक्या त्या वेळी त्या जागेवर नसतात, किंवा असतात पण मॅथजॅक्स ज्या नावाने त्या शोधते त्या नावाने नसतात. म्हणून ‘माझी सेटिंग बरोबर आहे का’ या प्रश्नापाशी कितीही वेळ घालवला तरी हाती काही लागत नाही. विचारायचा प्रश्न ‘मॅथजॅक्सला ती मिळाली का’ हा आहे. पुढील विवेचन २०१९ मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीला धरून आहे, आणि दुसऱ्या आवृत्तीचा संबंध जिथे येतो तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे. सेटिंग्जची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष कोडमध्ये ती रोमन लिपीत, लहान आणि मोठ्या अक्षरांचा फरक सांभाळून लिहावी लागतात.

सुरू होताना नेमके काय घडते

मॅथजॅक्सची फाइल ब्राउझरमध्ये चालू लागली की ती सर्वप्रथम ‘विंडो’वर, म्हणजे पानावरच्या सर्व स्क्रिप्टांना सामाईक असलेल्या ब्राउझरच्या जागेवर, ‘मॅथजॅक्स’ या नावाची काही वस्तू आधीपासून आहे का, ते पाहते. अशी वस्तू असेल आणि तिच्यात आवृत्तीची नोंद नसेल, तर ती वापरकर्त्याने ठेवलेली सेटिंग्जची यादी आहे असे मॅथजॅक्स मानते, ती यादी ‘कॉन्फिग’ या नावाने आपल्या आत ठेवते आणि ‘विंडो’वरच्या त्याच नावाच्या जागी स्वतःची पूर्ण वस्तू बसवते. तशी वस्तू आधी नसेल तर मॅथजॅक्स कोणतीही तक्रार न करता मूळ सेटिंग्जवर सुरू होते. थोडक्यात, एकाच नावाला दोन कामे आहेत: लायब्ररी सुरू होण्यापूर्वी ते नाव आपल्या सेटिंग्जचे असते आणि सुरू झाल्यानंतर ते लायब्ररीचे स्वतःचे होते. या लेखातील निम्म्याहून अधिक बिघाड या एका गोष्टीतून निघतात.

येथे एक गैरसमज वारंवार होतो. सूत्रांची मांडणी मॅथजॅक्स संपूर्ण पान वाचून झाल्यावर करते, हे अनेकांना ठाऊक असते. त्यावरून सेटिंग्ज पानात कुठेही, अगदी तळाशी लिहिल्या तरी चालतील, असा निष्कर्ष काढला जातो. पण मांडणी आणि सेटिंग्ज वाचणे या दोन वेगळ्या वेळी घडणाऱ्या गोष्टी आहेत. मांडणीसाठी मॅथजॅक्स पानाची वाट पाहते, सेटिंग्जसाठी कोणाचीही वाट पाहत नाही.

डॉलरचेच उदाहरण सतत का येते, तेही समजून घेतले पाहिजे. ओळीतल्या सूत्रासाठी एकेरी डॉलर हे चिन्ह मॅथजॅक्समध्ये मुळात बंदच असते, कारण ते चलनाचेही चिन्ह आहे आणि एका परिच्छेदात दोन रकमा आल्या की त्यांमधला सगळा मजकूर सूत्र समजला जाईल. मूळ सेटिंगमध्ये ओळीतल्या सूत्रासाठी \( आणि \) ही जोडी चालते, आणि स्वतंत्र ओळीवरच्या सूत्रासाठी दुहेरी डॉलर किंवा \[ आणि \]. त्यामुळे दुहेरी डॉलरची सूत्रे नीट दिसत आहेत आणि एकेरी डॉलरची मात्र तशीच राहिली आहेत, असे दृश्य दिसले तर मॅथजॅक्स चालू आहे पण आपल्या सेटिंग्ज त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या नाहीत, हे तिथेच ओळखता येते. दोन्ही प्रकारची सूत्रे कच्ची दिसत असतील तर प्रश्न सेटिंगचा नसून लायब्ररी मुळात उतरलीच नाही याचा असण्याची शक्यता अधिक.

आधी मॅथजॅक्सलाच विचारा

काहीही बदलण्यापूर्वी बिघडलेले पान उघडून ब्राउझरचा कन्सोल (डेव्हलपर साधनांतली आज्ञा लिहिण्याची आणि चुका दाखवणारी चौकट) उघडावा आणि त्यात ‘मॅथजॅक्स.व्हर्जन’ लिहून एंटर दाबावे. तीनने सुरू होणारा आकडा आला तर तिसरी आवृत्ती, दोनने सुरू होणारा आला तर दुसरी. हे ठाऊक आहे असे प्रत्येकाला वाटते, आणि नेमके तिथेच अनेकदा फसायला होते, कारण थीमने किंवा प्लगइनने परस्पर दुसरीच आवृत्ती आणलेली असते. आकड्याऐवजी ‘अनडिफाइन्ड’ असे उत्तर आले तर त्याचा अर्थ फार मोलाचा आहे: त्या नावाची वस्तू तिथे आहे, पण ती लायब्ररी नाही. म्हणजे एक तर लायब्ररी उतरलेलीच नाही आणि तिथे आपली यादी तशीच पडून आहे, किंवा लायब्ररी सुरू झाल्यानंतर कोणीतरी त्याच नावावर सेटिंग्जची यादी पुन्हा लिहून लायब्ररीलाच पुसून टाकले आहे.

आकडा मिळाला की ‘मॅथजॅक्स.कॉन्फिग.टेक्स’ असे विचारावे (‘टेक्स’ हा सूत्रे लिहिण्याच्या पद्धतीच्या सेटिंग्जचा गट आहे). जे उत्तर येते ती मॅथजॅक्सने प्रत्यक्ष स्वीकारलेली यादी असते. आपण लिहिलेली ‘इनलाइनमॅथ’ची (ओळीतल्या सूत्राची चिन्हे ठरवणारी) नोंद तिच्यात असेल तर सेटिंग वेळेवर पोहोचली आहे आणि दोष तिच्या मजकुरात आहे, नोंद नसेल तर मजकूर कितीही निर्दोष असला तरी त्याचा उपयोग नाही, कारण तो वाचलाच गेलेला नाही. या एका तपासणीने शोधाची दिशा ठरते, आणि ती न करता फाइलमध्ये हात घालणे मला अजिबात पटत नाही. अंदाजाने केलेल्या बदलाने पान सुधारले तरी ते कशाने सुधारले ते कळत नाही, आणि म्हणूनच तीच अडचण परत येते.

जुनी सेटिंग, नवी लायब्ररी

सर्वाधिक दिसणारा आणि सर्वाधिक फसवा प्रकार हा आहे. दुसऱ्या आवृत्तीत सेटिंग्ज एका खास प्रकारच्या स्क्रिप्ट टॅगमध्ये लिहिल्या जात. त्या टॅगचा प्रकार ‘टेक्स्ट/एक्स-मॅथजॅक्स-कॉन्फिग’ असा असे आणि आत ‘मॅथजॅक्स.हब.कॉन्फिग’ला हाक मारलेली असे. ब्राउझर हा प्रकार ओळखत नाही, म्हणून तो मजकूर स्वतः चालवत नाही; दुसरी आवृत्ती सुरू झाली की तीच तो टॅग शोधून चालवत असे. तिसरी आवृत्ती हा टॅग शोधत नाही. परिणामी ब्राउझर त्याला हात लावत नाही, मॅथजॅक्सही लावत नाही, आणि कोणीच तो मजकूर न चालवल्यामुळे कन्सोलमध्ये एकही चूक दिसत नाही. पान अगदी शांतपणे मूळ सेटिंग्जवर चालते.

अशी पाने इतकी का आढळतात, यालाही कारण आहे. मॅथजॅक्स प्रकल्पाची स्वतःची वितरणसेवा ३० एप्रिल २०१७ रोजी बंद झाली आणि असंख्य पानांना लायब्ररीचा पत्ता बदलावा लागला. पुढे तिसरी आवृत्ती आल्यावर पुष्कळांनी पुन्हा फक्त पत्त्याचीच ओळ बदलली आणि वरचा सेटिंगचा टॅग तसाच राहू दिला. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर ‘कॉन्फिग’ लिहून तयार संच मागवण्याची दुसऱ्या आवृत्तीची पद्धतही तिसऱ्या आवृत्तीत उरलेली नाही. त्याऐवजी हवा तो संच त्या नावाच्या फाइलनेच मागवायचा असतो.

नुसता टॅग बदलून भागत नाही, कारण आतली रचनाही बदलली आहे. दुसऱ्या आवृत्तीत डॉलरची सेटिंग ‘टेक्स-टू-जॅक्स’ या गटात असे, तिसऱ्या आवृत्तीत ती ‘टेक्स’ गटात आली. दुसऱ्या आवृत्तीत ‘टेक्स’ या गटाचे नाव पहिले आणि शेवटचे अक्षर मोठे ठेवून लिहीत. तिसऱ्या आवृत्तीत सगळी अक्षरे लहान हवीत. जुन्या पद्धतीने मोठी अक्षरे ठेवली तर मॅथजॅक्स तो गट अनोळखी म्हणून सोडून देते आणि त्याबद्दल काही बोलत नाही. समीकरणांना क्रमांक देण्याची सेटिंग दुसऱ्या आवृत्तीत ‘इक्वेशननंबर्स’च्या आत मोठ्या अक्षरांतल्या ‘एएमएस’ने होत असे, आता ती ‘टॅग्ज’ या नावाने आणि लहान अक्षरांतल्या ‘एएमएस’ने होते. गटाचे नाव बरोबर असून आतल्या एखाद्या सेटिंगचे नाव चुकले, तर मात्र कन्सोलमध्ये ‘इनव्हॅलिड ऑप्शन’ अशी सूचना मिळते. ती सूचना दिसली तर ते सुचिन्ह समजावे: निदान आपली यादी मॅथजॅक्सपर्यंत पोहोचली आहे.

स्फिंक्स वापरून दस्तऐवज तयार करणाऱ्यांना हाच अनुभव चौथ्या आवृत्तीच्या वेळी आला. २०२१ च्या त्या आवृत्तीपासून स्फिंक्स मॅथजॅक्सची तिसरी आवृत्ती वापरू लागले, आणि जुन्या ‘मॅथजॅक्स-कॉन्फिग’ सेटिंगच्या जागी दोन वेगळी नावे आली, एक दुसऱ्या आवृत्तीसाठी आणि एक तिसऱ्यासाठी. जुने नाव तसेच ठेवलेल्या प्रकल्पात सूत्रे दिसत राहतात, पण मॅक्रो (आपण स्वतः ठरवलेल्या छोट्या आज्ञा) आणि क्रमांक गळून पडतात.

कधी चालते, कधी चालत नाही

आता त्या प्रकाराकडे वळू ज्याने लोक खरोखर हैराण होतात. पान पहिल्यांदा उघडले तर सूत्रे उत्तम दिसतात. तेच पान पुन्हा उघडले तर बिघडतात. किंवा घरच्या मंद जोडणीवर पान ठीक दिसते आणि कॉलेजच्या वेगवान जोडणीवर बिघडते. ऐकणाऱ्याला हे उलटे वाटते, पण याचे कारण अगदी सरळ आहे.

मॅथजॅक्सचा टॅग बहुधा ‘असिंक’ या गुणधर्मासह लिहिलेला असतो. अशी स्क्रिप्ट उतरून पूर्ण झाली की लगेच चालते. पान त्या वेळी कुठपर्यंत वाचून झाले आहे याच्याशी तिला काही कर्तव्य नसते. सेटिंग्ज पानात मॅथजॅक्सच्या टॅगच्या खाली लिहिलेल्या असतील, तर दोघांमध्ये शर्यत लागते. लायब्ररी नेटवरून यायची असेल तर तिला वेळ लागतो, तेवढ्यात ब्राउझर खालचा मजकूर वाचून सेटिंग्ज जागेवर ठेवतो आणि सगळे सुरळीत होते. दुसऱ्या वेळी लायब्ररी कॅशमध्येच (ब्राउझरने साठवलेल्या प्रतींत) असते, ती तत्काळ चालू होते आणि सेटिंग्ज मागे पडतात. ब्राउझरच्या डेव्हलपर साधनांत, नेटवर्कच्या टॅबवर, कॅश बंद करण्याची खूण असते. ती खूण केल्यावर पान सुधारते आणि काढल्यावर बिघडते असे दिसले, तर दुसरा पुरावा शोधायची गरज नाही. विशेष म्हणजे ही साधने उघडी ठेवून काम करणाऱ्याची कॅश बऱ्याचदा बंदच असते, त्यामुळे पान बनवणाऱ्याला बिघाड कधी दिसत नाही आणि वाचकाला सतत दिसतो.

उपाय सोपा आहे: सेटिंग्जचा टॅग लायब्ररीच्या टॅगच्या वर, शक्यतो ‘हेड’मध्ये ठेवावा आणि तो साधा ठेवावा, म्हणजे त्याला ‘असिंक’ किंवा ‘डिफर’ (पान वाचून होईपर्यंत स्क्रिप्ट थांबवणारा गुणधर्म) लावू नये. सेटिंग्ज वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्या असतील आणि ती फाइल व लायब्ररी या दोघींना ‘असिंक’ लावले असेल, तर वरखाली ठेवण्याचा काहीच उपयोग होत नाही, कारण ‘असिंक’मध्ये क्रम पाळला जात नाही. दोघींना ‘डिफर’ लावले तर पानातला क्रम पाळला जातो, आणि तेवढ्यावर काम भागते.

याच जातीचा आणखी एक बिघाड ‘मॉड्यूल’ प्रकारच्या टॅगमुळे होतो. मॉड्यूलमधला मजकूर पान वाचून झाल्यावर चालतो, त्यामुळे तो वर लिहिलेला असला तरी उशिरा पोहोचतो. शिवाय त्यात ‘कॉन्स्ट’ लावून घोषित केलेले नाव मॉड्यूलच्या आतच राहते, ‘विंडो’वर येतच नाही. साध्या स्क्रिप्टमध्येही ‘कॉन्स्ट’ किंवा ‘लेट’ने घोषित केलेले नाव ‘विंडो’चा गुणधर्म होत नाही. नीटनेटका कोड लिहिण्याच्या सवयीने पुष्कळ जण ‘मॅथजॅक्स’च्या आधी ‘कॉन्स्ट’ लावतात आणि तिथेच अडकतात. येथे ‘विंडो.मॅथजॅक्स’ असे पूर्ण लिहून थेट किंमत द्यावी. हीच पद्धत निर्धोक आहे.

वर्डप्रेससारख्या व्यवस्थेत क्रम आपल्या हातात नसतो. आपण फूटरच्या चौकटीत टाकलेला मजकूर शेवटी जातो आणि थीमने लायब्ररी हेडमध्ये मागवलेली असते. पान वेगवान करणारी ऑप्टिमायझेशन प्लगइने स्क्रिप्टा एकत्र करतात, पुढे ढकलतात, त्यांचा क्रम बदलतात. अशा प्लगइनच्या यादीत सेटिंग्जचा मजकूर आणि लायब्ररी या दोघांनाही वगळावे. एकालाच वगळले तर शर्यत उलट्या दिशेने सुरू होते. आणि थीमच्या फाइलमध्ये थेट केलेला बदल पुढच्या अद्ययावतीत पुसला जातो, म्हणून तो चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बेतलेल्या आपल्या स्वतंत्र थीममध्ये) ठेवावा.

काही शैक्षणिक आणि शासकीय संकेतस्थळांवर सुरक्षेच्या धोरणानुसार पानातच लिहिलेल्या स्क्रिप्टांना मनाई असते, पण ठरावीक पत्त्यांवरून येणाऱ्या फाइलींना परवानगी असते. अशा ठिकाणी लायब्ररी येते आणि सेटिंग्ज अडवल्या जातात. कन्सोलमध्ये तसा नकार लाल अक्षरांत नोंदलेला असतो. तिथे सेटिंग्ज स्वतःच्या फाइलमध्ये हलवणे हा उपाय आहे.

सेटिंग्जनी लायब्ररीच पुसली जाते तेव्हा

पहिले पान नीट दिसते, पण त्यावरच्या दुव्याने दुसऱ्या पानावर गेले की सूत्रे कच्ची राहतात आणि कन्सोलमध्ये ‘टाइपसेटप्रॉमिस इज नॉट अ फंक्शन’ अशी चूक येते. पान पूर्ण ताजे केले की सगळे पुन्हा ठीक होते. संपूर्ण पान न बदलता फक्त आतला मजकूर बदलणाऱ्या संकेतस्थळांवर हे हमखास घडते. दुसऱ्या पानाच्या मजकुरात सेटिंग्जचा टॅग असतो, तो पुन्हा चालतो आणि ‘विंडो.मॅथजॅक्स’वर नवी यादी लिहितो. पण त्या वेळी ते नाव लायब्ररीचे झालेले असते. यादी तिच्या जागी बसते आणि लायब्ररीकडे जाण्याचा रस्ता बंद होतो.

सेटिंग्ज लिहिण्यापूर्वी ‘विंडो.मॅथजॅक्स’ आधीच आहे का ते तपासण्याची एक अट घातली की हा बिघाड थांबतो. त्यानंतर नव्या मजकुरासाठी, तो पानावर आल्यावर, ‘मॅथजॅक्स.टाइपसेटप्रॉमिस’ला हाक मारावी लागते, कारण मॅथजॅक्स स्वतःहून मांडणी फक्त सुरुवातीला करते. ही हाकही लायब्ररी तयार होण्यापूर्वी गेली तर चूक येतेच. म्हणून ती ‘मॅथजॅक्स.स्टार्टअप.प्रॉमिस’ पूर्ण झाल्यावर मारावी.

एकाच पानावर मॅथजॅक्स दोनदा मागवलेले असणे, एकदा थीमने आणि एकदा आपण, हेही याच कुटुंबातले. जी प्रत आधी सुरू होते तिने वाचलेल्या सेटिंग्ज चालतात. दुसरी प्रत आवृत्तीची नोंद पाहून नवी यादी घेत नाही. नेटवर्कच्या टॅबवर ‘मॅथजॅक्स’ शोधले की दोन प्रती लगेच दिसतात. एक काढून टाकावी.

सेटिंग पोहोचली, पण मजकूर चुकला

आता उरलेली शक्यता. तिच्यातला एक बिघाड मराठी पानांवर इतका चमत्कारिक दिसतो की त्याचे मूळ सेटिंगमध्ये असेल अशी शंकाही येत नाही. परिच्छेदात ‘(पाहा आकृती ३)’ असे साधे कंसातले वाक्य असते. पानावर मात्र कंस गायब होतात, शब्दांमधल्या मोकळ्या जागा नाहीशा होतात, अक्षरे एकमेकांना चिकटतात आणि काने, मात्रा, वेलांट्या अक्षरांपासून सुटून वेगळ्या पडतात. लोक फॉन्ट बदलून पाहतात, युनिकोडला दोष देतात. प्रत्यक्षात ‘इनलाइनमॅथ’मध्ये '\\(' ऐवजी '\(' लिहिलेले असते. जावास्क्रिप्टच्या अवतरणात एकटा बॅकस्लॅश गळून पडतो आणि उरतो तो नुसता कंस. मग मॅथजॅक्स पानावरचा प्रत्येक साधा कंस सूत्राची सुरुवात समजते आणि आतले मराठी शब्द एकेक अक्षर सुटे करून गणिताच्या चिन्हांसारखे मांडते. चौकोनी कंसाच्या बाबतीत तोच मजकूर ओळ सोडून मध्यभागी जातो. म्हणून सेटिंगमध्ये '\\(' आणि '\\)' असे दुहेरी बॅकस्लॅश लागतात, आणि पानाच्या मजकुरात मात्र एकेरी.

डॉलर सुरू करताना ही जोडी पुन्हा लिहिणेही आवश्यक आहे, कारण आपण दिलेली यादी मूळ यादीत मिळवली जात नाही, तिच्या जागी येते. फक्त डॉलरची जोडी दिली तर \( आणि \) बंद पडतात. मराठी पानांवर रकमा बहुतेक ₹ मध्ये लिहिल्या जातात, त्यामुळे एकेरी डॉलर सुरू करण्यात इंग्रजी पानांइतका धोका नाही असे माझे मत आहे. अर्थशास्त्राच्या टिपणांत डॉलरच्या रकमा येत असतील तिथे मात्र तो बंदच ठेवावा, किंवा रकमेतला डॉलर \$ असा लिहावा.

एखादा स्वल्पविराम राहिला किंवा वर्डमधून मजकूर चिकटवताना सरळ अवतरणचिन्हांची गोल चिन्हे झाली, की सेटिंग्जचा संपूर्ण टॅगच चालत नाही आणि मॅथजॅक्स मूळ सेटिंग्जवर सुरू होते. कन्सोलमधली पहिली लाल ओळ वाचली की हे लगेच कळते.

जादा आज्ञांचे एखादे पॅकेज वापरायचे असेल तर दोन ठिकाणी नोंद लागते: ‘लोडर’मध्ये ते मागवावे लागते आणि ‘टेक्स’ गटातल्या ‘पॅकेजेस’मध्ये ते सुरू करावे लागते. ‘फिजिक्स’ पॅकेज मागवून ते सुरू न करणे ही नेहमीची चूक आहे. फाइल उतरलेली दिसते, पण तिच्या आज्ञा लाल अक्षरांत तशाच राहतात. तसेच ‘स्टार्टअप’ गटात स्वतःचे ‘रेडी’ फंक्शन लिहिले तर त्यातून ‘मॅथजॅक्स.स्टार्टअप.डीफॉल्टरेडी’ला हाक मारणे आपल्यावर येते. ती राहिली तर पानावर एकही सूत्र मांडले जात नाही.

सूत्रातल्या मराठी शब्दांसाठी

‘क्षेत्रफळ = ½ × पाया × उंची’ असे सूत्र शाळेच्या टिपणांत नेहमीच लागते. सूत्रात देवनागरी शब्द थेट लिहिले तर ते वर सांगितल्याप्रमाणे विस्कटतात, म्हणून प्रत्येक शब्द ‘टेक्स्ट’ या आज्ञेच्या महिरपी कंसात ठेवावा. तेवढ्याने अक्षरे जुळून येतात. पण मॅथजॅक्सच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसल्याने ब्राउझर जो मिळेल तो फॉन्ट वापरतो आणि सूत्रातला ‘पाया’ आजूबाजूच्या मजकुरापेक्षा वेगळ्या वळणाचा दिसतो. यासाठी ‘एमटेक्स्टइनहेरिटफॉन्ट’ ही सेटिंग आहे. ती ‘ट्रू’ केली की ते शब्द पानाच्याच फॉन्टमध्ये येतात.

ही सेटिंग कोणत्या गटात लिहायची ते आपण कोणती फाइल मागवली यावर ठरते. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘सीएचटीएमएल’ असेल तर त्याच नावाच्या गटात, ‘एसव्हीजी’ असेल तर ‘एसव्हीजी’ गटात. चुकीच्या गटात लिहिली तर काहीच घडत नाही आणि काहीच कळतही नाही. मराठीतून गणित लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही एक सेटिंग पहिल्या दिवसापासून ठेवावी असा माझा आग्रह आहे. सूत्रातला शब्द आणि परिच्छेदातला शब्द एकाच वळणाचा असला की पाचवी-सहावीतल्या मुलाला सूत्र परके वाटत नाही.

कायमचा बंदोबस्त

शर्यत, प्लगइन, थीम आणि सुरक्षेचे धोरण या सर्वांवर चालणारी एक मांडणी आहे आणि मी तीच सुचवतो. पानात मॅथजॅक्सचा टॅग ठेवूच नये. स्वतःची एक लहान फाइल करावी. तिच्या सुरुवातीला ‘विंडो.मॅथजॅक्स’ला सर्व सेटिंग्ज द्याव्यात, आणि त्याच फाइलमध्ये खाली, कोडनेच नवा स्क्रिप्ट टॅग निर्माण करून, त्याला लायब्ररीचा पत्ता देऊन, तो ‘हेड’ला जोडावा. पानात फक्त या फाइलचा टॅग राहतो. लायब्ररी मागवली जाते तीच सेटिंग्ज लिहून झाल्यावर, त्यामुळे क्रम उलटण्याची शक्यताच उरत नाही. फाइलला ‘असिंक’ लावा, ती हेडमध्ये ठेवा की फूटरमध्ये, फरक पडत नाही. ‘विंडो.मॅथजॅक्स’ आधीच असेल तर फाइलने काहीही करू नये, ही अट सुरुवातीलाच घातली की ती दुसऱ्यांदा चालली तरी बिघाड होत नाही. पानातल्या स्क्रिप्टांना मनाई असलेल्या संकेतस्थळावर आपली फाइल आणि लायब्ररीचा पत्ता या दोन्हींना परवानगी मिळवली की काम होते.

लायब्ररीचा पत्ता देताना नुसता ‘३’ लिहिला तर त्या मालिकेतली सर्वांत नवी आवृत्ती आपोआप येत राहते. ज्या संकेतस्थळाकडे रोज लक्ष देणे शक्य नाही तिथे ‘३.२.२’ असा पूर्ण आकडा द्यावा, म्हणजे कोणताही बदल आपल्याला न कळता येणार नाही. जुन्या नमुना कोडमधून आलेली, जुन्या ब्राउझरांना नव्या सोयी पुरवणाऱ्या पॉलिफिल सेवेची एक ओळ अजून अनेक पानांत मॅथजॅक्सच्या वर राहिलेली दिसते. ती ओळ आजच्या ब्राउझरांना लागत नाही, आणि २०२४ मध्ये त्या पत्त्यावरून घातक कोड पाठवला जात असल्याचे उघड झाले, म्हणून ती दिसताक्षणी काढून टाकावी.

सुरू झाल्यानंतर बदल करायचाच असेल तर

काही वेळा वाचकाच्या निवडीनुसार सेटिंग बदलावी लागते, उदाहरणार्थ समीकरणांचे क्रमांक दाखवायचे की नाही. अशा वेळी ‘विंडो.मॅथजॅक्स’वर नवी यादी लिहू नये. ‘मॅथजॅक्स.कॉन्फिग’मधली नेमकी नोंद बदलावी आणि मग ‘मॅथजॅक्स.स्टार्टअप.गेटकंपोनंट्स’ला हाक मारावी. त्याने मॅथजॅक्स आपली आतली यंत्रणा नव्या सेटिंग्जवर पुन्हा उभी करते. आधी मांडलेली सूत्रे मात्र त्यामुळे बदलत नाहीत. ती नव्या सेटिंगने हवी असतील तर मूळ मजकूर पानात पुन्हा घालून ‘टाइपसेटप्रॉमिस’ला हाक मारावी लागते. नुसता मजकूर बदलून पुन्हा मांडणी करत असाल तर त्याआधी ‘टेक्सरिसेट’ला हाक मारावी, नाही तर समीकरणांचे क्रमांक पुन्हा एकपासून सुरू न होता मागच्या मांडणीच्या पुढे चालू राहतात.